फेसाआधीचे तेल

नरक चतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचा क्रम ठरलेला आहे: आधी कोमट तेल, मग उटणे, मग ऊन पाणी. साबण या क्रमात अगदी शेवटी आला, आणि तोही अलीकडे. तो आपल्या मोरीत कसा शिरला याचा माग काढताना मला एक गोष्ट लक्षणीय वाटली. साबणाबद्दल आपल्याकडे वाद झाला, पण तो कातडीला काय होते याबद्दल नव्हता.

१८८८ साली लीव्हर ब्रदर्सच्या सनलाइट साबणाची खोकी कलकत्त्याच्या बंदरात उतरली. साबणात जनावराची चरबी असते, ही गोष्ट सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांना खुपत होती. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी वनस्पती तेलापासून केलेला साबण बाजारात आणला. कुलुपांच्या या कारखानदाराने साबणाला नावही ‘चावी’ असेच दिले. चरबी गेली, विलायती शिक्काही गेला. मात्र साबण तेलाचा असो वा चरबीचा, तो करण्याची रीत एकच: स्निग्ध पदार्थ आणि कॉस्टिक सोडा. वडी अल्कधर्मीच होते आणि तिचा सामू साधारण ९ ते १० भरतो. आपला वाद चरबीचा झाला. क्षाराचा झालाच नाही.

तो प्रश्न पुढे आला जर्मनीतल्या कील शहरात. १९२८ साली हाइनरिख शाडे आणि आल्फ्रेड मार्किओनिनी यांनी त्वचेचा पृष्ठभाग आम्लधर्मी असल्याचे मांडले आणि त्याला ‘आम्लाचे आवरण’ म्हटले. निरोगी त्वचेचा सामू ५च्या आसपास असतो. सामूतला एक अंक म्हणजे दहापट फरक. साबण आणि कातडी यांच्यात असे चार-पाच अंकांचे अंतर आहे. धडधाकट माणसाची त्वचा धुतल्यानंतर काही तासांत पूर्वपदावर येते. तान्ह्या बाळाची, म्हाताऱ्या माणसाची किंवा इसब झालेल्याची त्वचा इतक्या सहज सावरत नाही.

तरीही त्वचेचा सर्वांत वरचा थर, म्हणजे शृंगस्तर, हा मेलेल्या पेशींचा कोंडा आहे, ही समजूत दीर्घकाळ टिकली. कोंडा तो, घासून काढला तर बिघडले काय? १९५२ साली बॉस्टनच्या अर्विन ब्लँक यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वाळून कडक झालेला घट्ट्याचा तुकडा तेलात ठेवला तर कडकच राहतो. तो मऊ होतो पाण्याने. कातडीचा मऊपणा तिच्यातल्या पाण्यामुळे असतो, तेलाचे काम ते पाणी उडू न देण्याचे. पुढच्या दशकात अल्बर्ट क्लिगमन यांनी शृंगस्तर हा शरीराचा कार्यरत अवयव आहे, असा आग्रह धरला. मात्र याच क्लिगमन यांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर १९७४पर्यंत प्रयोग केले. त्वचाविज्ञानाचा इतिहास सांगताना ही बाजू गाळणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

१९७५पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या पीटर इलायस यांनी चित्र पुरे केले. चपट्या पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधला स्निग्ध थर म्हणजे चुना. या चुन्यात सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मुक्त स्निग्धाम्ले असतात. तो तयार करणारी काही विकरे आम्लधर्मी वातावरणातच नीट काम करतात. क्षाराचा मारा होत राहिला की चुना धुपतो आणि डागडुजी करणारा गवंडीही मंदावतो. भिंतीला भेगा पडल्या की आतले पाणी बाहेर जाते आणि बाहेरचे जंतू आत येतात.

ही भेग किती महाग पडू शकते, ते ढाक्याच्या शिशु रुग्णालयात दिसले. तिथे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल हलक्या हाताने लावण्यात आले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत, तेल न लावलेल्या बाळांच्या तुलनेत त्यांना रुग्णालयातील जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. पण कोणतेही तेल चालते असे नाही. उंदरांवरील प्रयोगात मोहरीच्या तेलाने भिंत सावरायला उलट विलंब झाला होता. आणि तेल-मलम म्हणजे सर्वांवर उतारा असेही नाही. ब्रिटनमध्ये १,३९४ बाळांचा समावेश असलेल्या चाचणीत पहिले वर्षभर रोज मलम लावूनही इसब टळला नाही, असे २०२० साली स्पष्ट झाले.

आता उटण्याकडे वळू. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदया’त दिनचर्येचा क्रम अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि स्नान असा येतो. तेल आधी लागते, पीठ त्यातले जादा तेल टिपते आणि थोडा ओशटपणा अंगावर राहतो. सिरॅमाइडचा शोध आपल्या पूर्वजांनी लावला होता, असा दावा मी करणार नाही. त्यांना अनुभवाने एक सौम्य क्रम सापडला होता, एवढेच म्हणता येते. त्याच परंपरेत तान्ह्या बाळाची लव जावी म्हणून पिठाचा गोळा अंगावर फिरवण्याचीही रीत आहे, आणि कोवळ्या शृंगस्तरासाठी ती घातक खरवड आहे. जुने म्हणून दोन्ही राखायचे किंवा दोन्ही टाकायचे, यात शहाणपण नाही.

साबणाने आपल्याला रोगजंतूंपासून वाचवले. हात धुण्याला आजही पर्याय नाही. पण त्याच्याबरोबर स्वच्छतेची एक व्याख्याही आली: कातडी करकरीत वाजली पाहिजे. शंभर वर्षे आपण ती व्याख्या मुकाट पाळली. काखा, जांघा, पावले यांना साबण हवाच. उरलेल्या अंगाला बहुतेक दिवशी कोमट पाणी पुरते. अंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच थोडे सौम्य तेल लावले, तर ब्लँक यांनी दाखवलेले पाणी आत टिकते. दिवाळीच्या पहाटे तेल आधी येते. हिवाळ्यातल्या उरलेल्या दिवसांत ते नंतरही यावे.