नेत्रकोटराचा अस्थिभंग : निदान व उपचारांचा ऐतिहासिक आढावा

बीजसंज्ञा : नेत्रकोटर, अस्थिभंग, सुश्रुतसंहिता, शल्यचिकित्सेचा इतिहास, मराठवाडा, ग्रामीण आरोग्य

प्रस्तावना :

भारतीय शल्यचिकित्सेच्या इतिहासात चेहऱ्याचा विषय निघाला की चर्चा प्रामुख्याने नाकाभोवती फिरते. सुश्रुताने वर्णिलेले नासासंधान, अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात झालेली नाकाची शस्त्रक्रिया आणि तिचा इंग्लंडमधील शल्यचिकित्सेवर पडलेला प्रभाव, हा क्रम आपल्या पाठ्यपुस्तकांतूनही परिचित आहे. मात्र नाकाला लागूनच असलेल्या नेत्रकोटराच्या, म्हणजेच डोळ्याच्या खोबणीच्या अस्थिभंगाचा इतिहास मराठीत फारसा लिहिला गेलेला नाही. नाक कापले गेले तर ती हानी सर्वांना दिसते. खोबणीचे हाड मोडले तर वरून केवळ सूज व काळेनिळेपणा दिसतो, आणि आठवडाभरात तोही ओसरतो. दिसणारी हानी आणि न दिसणारी हानी यांतील या फरकामुळेच दोन्ही उपचारांच्या इतिहासात मोठे अंतर पडले, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) नेत्रकोटराच्या अस्थिभंगाविषयीचे प्राचीन भारतीय ज्ञान चिकित्सकपणे तपासणे.
२) एकोणिसाव्या व विसाव्या शतकात या इजेचे निदान व उपचार कसे बदलत गेले, याचा मागोवा घेणे.
३) परभणी जिल्ह्यातील राणीसावरगावसारख्या ग्रामीण भागाच्या संदर्भात या इतिहासाचे महत्त्व स्पष्ट करणे.

नेत्रकोटराची रचना व इजेचे स्वरूप :

इतिहासाकडे वळण्यापूर्वी विषयाची किमान वैद्यकीय ओळख आवश्यक आहे. नेत्रकोटर सात हाडांच्या भागांपासून बनलेले असते आणि प्रौढ माणसात त्याची धारणक्षमता सुमारे ३० मिलिलिटर असते. त्याची बाहेरची कड जाड व मजबूत असते. परंतु तळ आणि नाकाकडील भिंत अत्यंत पातळ असते. ही नाकाकडील भिंत कागदासारखी असल्याने शरीररचनाशास्त्रात तिला कागदाचाच अर्थ असलेले लॅटिन नाव आहे. तळाच्या खाली गालाच्या हाडातील हवेची पोकळी असते. डोळ्यावर चेंडू, मूठ किंवा बैलाच्या शिंगाचा जोरदार आघात झाल्यास कड शाबूत राहून तळ फुटू शकतो आणि खोबणीतील चरबी व स्नायू खालच्या पोकळीत उतरतात.

यातून उद्भवणारी लक्षणे ठळक आहेत. वर किंवा खाली पाहताना एकाच्या जागी दोन वस्तू दिसतात. तळातून जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झाल्याने गाल, वरचा ओठ व वरचे दात बधिर होतात. सूज उतरल्यावर डोळा आत गेलेला दिसतो. नाक शिंकरल्यास पोकळीतील हवा खोबणीत शिरून पापणी एकाएकी फुगते. विशेष म्हणजे या सर्व लक्षणांसह दृष्टी अगदी स्वच्छ असू शकते. त्यामुळे ‘दिसते आहे ना, मग काही नाही’ असा समज रुग्णाचा आणि नातेवाइकांचा सहज होतो.

सुश्रुतसंहितेतील उल्लेख :

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्राभिघातावर, म्हणजे डोळ्याला झालेल्या इजेवर, स्वतंत्र अध्याय आहे. तेथे आत गेलेला डोळा आणि बाहेर आलेला डोळा असा भेद केलेला आढळतो. आत गेलेला डोळा वर आणण्यासाठी श्वास रोखणे, शिंक आणणे, वांती करविणे असे उपाय सांगितले आहेत. आघातानंतर डोळा खोल जातो, ही गोष्ट त्या काळच्या वैद्यांनी नेमकी टिपली होती, हे यावरून स्पष्ट होते. युरोपीय वैद्यकात या लक्षणाचे स्वतंत्र वर्णन होण्यास एकोणिसावे शतक उजाडावे लागले.

याच ग्रंथाच्या शारीरस्थानात अस्थींचे पाच प्रकार असून नाक, कान, मान व नेत्रकोश यांतील अस्थींना ‘तरुण’ असे नाव दिलेले आहे. निदानस्थानात या तरुण अस्थी मोडण्याऐवजी वाकतात असे म्हटले आहे. आधुनिक अभ्यासक ‘तरुण’ या संज्ञेचा अर्थ बहुधा कूर्चा असा करतात. म्हणून या विधानात आजचे सर्व ज्ञान आधीच सामावले होते, असा दावा करणे इतिहासदृष्ट्या योग्य ठरणार नाही. मात्र नेत्रकोटराची अस्थी मांडीच्या किंवा कवटीच्या अस्थीसारखी वागत नाही, ही जाणीव त्या वर्गीकरणात निश्चितपणे आहे.

उपायांच्या बाबतीतही तीच चिकित्सक वृत्ती ठेवली पाहिजे. शिंक आणण्याचा सल्ला आजच्या ज्ञानाच्या कसोटीवर उतरत नाही. तळाचे हाड फुटलेले असताना शिंकेच्या दाबाने हवा व जंतू खोबणीत जाऊ शकतात. त्यामुळे अशा रुग्णास नाक न शिंकरण्याची सूचना आज दिली जाते. प्राचीन निरीक्षणाचा गौरव आणि प्राचीन उपायाची परीक्षा या दोन स्वतंत्र बाबी आहेत.

पुण्यातील शस्त्रक्रिया व तिची मर्यादा :

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या नियतकालिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात कावसजी या मराठी गाडीवानाची हकीकत प्रसिद्ध झाली. त्या वृत्तानुसार १७९२ च्या युद्धात तो इंग्रज सैन्याबरोबर होता, टिपूच्या कैदेत सापडला आणि तेथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे पुण्याजवळील एका विटा बनविणाऱ्या जातीच्या कारागीराने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक दिले. मुंबई इलाख्यातील क्रुसो व फिंडले या दोन वैद्यांनी ही शस्त्रक्रिया पाहिल्याचे वृत्तात नमूद आहे. तिच्या आधारे जोसेफ कार्प्यू यांनी १८१४ मध्ये लंडनला तशी शस्त्रक्रिया केली व १८१६ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला.

या घटनेचे महत्त्व वादातीत आहे. तथापि तिची मर्यादाही समजून घ्यावी लागते. त्या कारागीराचे कौशल्य त्वचेचे होते. मेणाचा नमुना नाकाच्या जागी बसवून त्याच्या मापाने त्याने त्वचा कापली. हानी डोळ्यांसमोर होती, म्हणून तिचे माप घेता आले. नेत्रकोटराच्या तळाचे माप घेण्याचे कोणतेच साधन त्या काळी पुण्यात नव्हते, तसे लंडनमध्येही नव्हते.

युरोप-अमेरिकेतील निदानाचा विकास :

नेत्रकोटराच्या तळाच्या अस्थिभंगाचे पहिले आधुनिक वर्णन १८४४ मध्ये पॅरिस येथे मॅकेन्झी यांनी केले असे मानले जाते. १८८९ मध्ये लंडनचे विल्यम लँग यांनी आघातानंतर डोळा आत गेलेला, पण दृष्टी पूर्ण शाबूत असलेला रुग्ण नोंदविला आणि खोबणीची भिंत मोडल्याने असे होत असावे, असा तर्क मांडला. १८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला, तेव्हा अशा तर्कांना पुराव्याची जोड मिळण्याची शक्यता निर्माण झाली. १९०१ मध्ये रेने ल फोर यांनी मृतदेहांच्या चेहऱ्यावर आघात करून हाडे कोणत्या रेषांत मोडतात, याचे वर्गीकरण केले.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांच्या चेहऱ्यांवर झालेल्या जखमांनी या शास्त्राला गती दिली. १९१७ मध्ये इंग्लंडमधील सिडकप येथे हॅरल्ड गिलीज यांच्या नेतृत्वाखाली चेहऱ्याच्या जखमांसाठी स्वतंत्र रुग्णालय सुरू झाले. गालाचे दबलेले हाड कानशिलावरील छेदातून उचलण्याची त्यांची पद्धत १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि ती आजही वापरात आहे.

निर्णायक टप्पा मात्र १९५७ चा होय. न्यूयॉर्कचे बायरन स्मिथ व विल्यम रेगन यांनी मृतदेहाच्या मिटलेल्या डोळ्यावर चेंडू ठेवून त्यावर हातोडीने आघात केला. खोबणीची कड शाबूत राहिली आणि तळ फुटला. खोबणीतील दाब एकदम वाढल्याने सर्वांत पातळ भिंत फुटते, हा सिद्धान्त त्यांनी मांडला व या इजेला आज रूढ असलेले ‘ब्लो-आउट फ्रॅक्चर’ हे नाव दिले. १९७४ मध्ये जपानचे फुजिनो यांनी प्रयोगांच्या आधारे कडेवरील आघाताने तळ वाकून तुटतो, या पर्यायी मताला बळ दिले. आज दोन्ही कारणे ग्राह्य मानली जातात.

उपचारांविषयीचे मतांतर :

स्मिथ व रेगन यांच्यानंतर लवकर शस्त्रक्रिया करण्याकडे कल वाढला. अडकलेले स्नायू व चरबी मोकळी करायची आणि फुटलेल्या तळावर रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा किंवा कृत्रिम पदार्थाचा पातळ तुकडा बसवायचा, असे तिचे स्वरूप होते. पुढे टायटॅनियमची जाळी व सच्छिद्र पॉलिएथिलीन यांचा वापर सुरू झाला. १९७४ मध्ये पुटरमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया न केलेल्या ५७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनेकांची दुहेरी दृष्टी काळाबरोबर कमी झाल्याचे त्यांना आढळले आणि ‘थांबा व पाहा’ या मताला आधार मिळाला.

हा वाद मिटविण्यास प्रतिमाशास्त्राचे मोठे साहाय्य झाले. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने १९७१ मध्ये लंडनमध्ये पहिल्या रुग्णाचा सी. टी. स्कॅन झाला. नेत्रकोटराचा तळ किती फुटला व त्यात काय अडकले, हे आता शस्त्रक्रियेपूर्वीच पाहता येऊ लागले. त्यामुळे ‘सर्वांवर शस्त्रक्रिया’ आणि ‘कोणावरच घाई नको’ या दोन टोकांऐवजी रुग्णानुसार निर्णय घेण्याची पद्धत रुजली. प्रौढ रुग्णात न ओसरणारी दुहेरी दृष्टी, दोन मिलिमीटरहून अधिक आत गेलेला डोळा किंवा निम्म्याहून अधिक फुटलेला तळ असल्यास साधारणतः दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रियेचा विचार होतो. इतर अनेक रुग्णांत केवळ निरीक्षण पुरते.

१९९८ मध्ये जॉर्डन व सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या बाबतीत एका गंभीर प्रकाराकडे लक्ष वेधले. मुलांचे लवचीक हाड वाकते, झडपेच्या दारासारखे उघडते व पुन्हा मिटते. त्या फटीत डोळा फिरविणारा स्नायू चिमटला जातो. बाहेरून डोळा पांढराशुभ्र दिसतो, सूज जवळजवळ नसते. मात्र मुलाला वर पाहता येत नाही, मळमळ व वांत्या होतात, नाडी मंदावते. डोळ्यातील ताण व हृदयाची गती यांचा संबंध १९०८ मध्येच आश्नर व डान्यिनी यांनी दाखविला होता. तरीही अशा मुलाच्या वांत्यांचे कारण डोक्याला लागलेला मार असे समजले जाण्याचा धोका असतो. चिमटलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा बंद पडत असल्याने येथे एक ते दोन दिवसांत शस्त्रक्रिया आवश्यक मानली जाते.

महाराष्ट्र व मराठवाड्याचा संदर्भ :

१९५८ मध्ये, म्हणजे स्मिथ व रेगन यांच्या निबंधानंतर एका वर्षाने, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी प्लास्टिक व मुखजबडा शल्यचिकित्सेचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. भारतातील या शाखेच्या इतिहासात हा मूलभूत टप्पा मानला जातो. मराठवाड्याची वाटचाल मात्र वेगळी झाली. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या प्रदेशात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) येथे वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९७० च्या दशकात अंबाजोगाईला, १९८८ मध्ये नांदेडला व २००२ मध्ये लातूरला ही सोय झाली. औरंगाबादला शासकीय दंत महाविद्यालय १९८२ मध्ये आले. परभणीला स्वतःचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळण्यास २०२३ साल उजाडले.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावच्या दृष्टीने या सनावळीचा अर्थ सरळ आहे. पूर्वी शेकडो किलोमीटरांवर असलेले निदान आता जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचण्याच्या वाटेवर आहे. परंतु गाव ते जिल्हा या अंतराचा प्रश्न केवळ रस्त्याचा नाही. दुचाकीवरून पडलेला तरुण, बैलाचे शिंग लागलेला शेतकरी किंवा विटी-दांडू व क्रिकेट खेळताना मार बसलेला मुलगा आपल्याला तज्ज्ञाकडे जाण्याची गरज आहे, हे कधी ओळखतो, यावर पुढील सर्व अवलंबून असते. सूज उतरण्याची वाट पाहण्यात आठ-दहा दिवस गेले तर प्रौढाच्या बाबतीत मुदत संपत येते. मुलाच्या बाबतीत ती केव्हाच संपलेली असते.

निष्कर्ष :

१) आघाताने आत जाणाऱ्या डोळ्याचे निरीक्षण प्राचीन भारतीय वैद्यकात होते, मात्र त्याचे कारण दिसत नसल्याने उपाय अनुमानावर आधारलेले राहिले.
२) पुण्याच्या शस्त्रक्रियेने दृश्य हानीवर मात केली. अदृश्य हानीवरील उपचारांना क्ष-किरण, प्रयोग व सी. टी. स्कॅन या साधनांची वाट पाहावी लागली.
३) उपचारांचा प्रवास सरसकट शस्त्रक्रियेकडून रुग्णनिहाय निर्णयाकडे झाला, मुलांच्या बाबतीत मात्र तातडी वाढली.
४) साधने जवळ आली तरी पहिली ओळख गावातच व्हावी लागते.

समारोप :

या इतिहासाचा संबंध केवळ वैद्यकाच्या अभ्यासकांशी नाही. शाळा-महाविद्यालयांच्या क्रीडांगणावर मार बसतो तेव्हा तेथे प्रथम शिक्षक उपस्थित असतो. दोन दिसतात का, गाल बधिर झाला आहे का, वर पाहता येते का, वांती झाली का, हे चार प्रश्न विचारण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. यांपैकी एकाचेही उत्तर होकारार्थी आले, किंवा वर पाहता येत नसेल, तर विद्यार्थ्याला त्याच दिवशी रुग्णालयात पाठविले पाहिजे. नाक शिंकरू नये, एवढे त्याला बजावून सांगावे. दृष्टी मंदावत असेल व डोळा ताठरून बाहेर येत असेल तर खोबणीत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते. तेव्हा दिवसाची नव्हे, तासाची मुदत असते. जे वरून दिसत नाही ते विचारून समजून घेणे, हा या दीर्घ इतिहासाचा बोध आपल्या परिसरातील प्रत्येक शिक्षकाला आचरणात आणता येण्यासारखा आहे.