वीस व्होल्टचं इंजिन

खेळण्यातली रेल्वे म्हटलं की मराठी माणसाला आधी ग्वाल्हेर आठवावं. बॅसेट-लोक या इंग्रज कंपनीने १९०६ च्या सुमारास माधवराव शिंद्यांसाठी विजेवर चालणारी चांदीची गाडी बनवली. जेवणाच्या टेबलावरून ती पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार फिरवायची; सुरई उचलली की थांबायची. जयविलास महालात आजही ती बघायला मिळते. (इथे जयपुरात शिंद्यांचं नाव जरा जपून घेतो. महादजींना माघार घ्यायला लावणारी १७८७ ची तुंग्याची लढाई इथून जवळच झाली.)

मुलांच्या हातातली गाडी मात्र चावीची होती. हॉर्नबीने १९२० मध्ये सुरुवात केली ती चावीवरच. १९२५ मध्ये विजेची गाडी आणली, तीही थेट घरच्या मेनवर, मध्ये फक्त एक दिवा जोडून! पोरं रुळाला हात लावणार हे कुणाच्या डोक्यात आलं नसेल का? पुढे ४, मग ६, आणि १९३० च्या दशकात २० व्होल्ट एसी. १९३८ च्या हॉर्नबी डब्लोत १२ व्होल्ट डीसी आणि कायम चुंबक आलं. म्हणून जुनं इंजिन हातात आलं की मी आधी व्होल्ट बघतो, मग रंग.

मालवीय नगरात आमच्या शेजारी एक रिटायर्ड सुभेदारसाहेब राहतात. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचं, ओ गेजचं २० व्होल्टचं इंजिन आहे. सुट्टीत नातू येईल तेव्हा ते धावावं, एवढीच त्यांची इच्छा. एका दुकानदाराने १२ व्होल्टची नवी मोटर बसवायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "साहब, रुकिए."

कायम चुंबकाच्या मोटरला एसी दिला तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. जुन्या मोटरमध्ये चुंबकाच्या जागी तारेचं वेटोळं असतं, आर्मेचरला एका ओळीत जोडलेलं. वीज उलटली की दोन्ही एकदम उलटतात, त्यामुळे फिरण्याची दिशा तीच राहते. म्हणूनच ती एसीवर चालते, आणि म्हणूनच गाडी मागे न्यायला इंजिनातच वेगळी सोय लागते. रेक्टिफायर टाकून विजेचं जमवता येईल. खरी अडचण वेगळीच आहे: चाकांचे आस आणि गिअर मोटरच्याच दोन पत्र्यांत बसलेले असतात. मोटर काढली की पत्र्याचं कवच तेवढं उरतं.

तेव्हा मोटर बदलली नाही, पुन्हा बांधून घेतली. कूलरच्या मोटरी बांधणारा कारागीर गाठला. अट एकच: जळलेली तार उलगडताना प्रत्येक वेढा मोजायचा आणि तारेची जाडी मायक्रोमीटरने घ्यायची. वेढे कमी पडले तर मोटर जास्त वीज खाते आणि पुन्हा जळते. कॉम्युटेटर मी बारीक पॉलिश पेपरने साफ केला, नवे कार्बन ब्रश घासून बसवले.

जुना ट्रान्सफॉर्मर मात्र बाद केला. त्याच्या तारांवरचं रबर बोटांत चुरत होतं. साहेबांना वाईट वाटलं, पण पोरांच्या खेळात मेनच्या विजेशी भावनेचा व्यवहार नको. २३० वरून २० व्होल्ट देणारा नवा ट्रान्सफॉर्मर प्लायवूडच्या पेटीत बसवलाय, फ्यूजसकट.