तिआनमा : बुरशी पचवणारा कंद

आज गोष्ट एका कंदाची. चिनी वैद्यकात डोकेदुखी, चक्कर, झटके यांवर तिआनमा देतात. ‘शेननोंग बेनत्साओ जिंग’ या प्राचीन औषधीग्रंथात तिचं नाव आहे ‘लाल बाण’. अगदी चपखल, कारण जमिनीतून नुसता तांबूस दांडा वर येतो. हिरवं पान नाही, आणि जमिनीखाली मुळंही नाहीत! मग हा कंद पोसतो कशावर? हे कळेना, म्हणून शतकानुशतकं लोक तो जंगलातून खणूनच आणत राहिले.

उत्तराची सुरुवात झाली युरोपात. प्रशियाच्या सरकारला ट्रफल, म्हणजे महागड्या खाद्य बुरशीची लागवड हवी होती. काम आलं ए. बी. फ्रांक यांच्याकडे. लागवड राहिली बाजूला, पण झाडांची मुळं आणि बुरशी एकमेकांत गुंतून जगतात हे त्यांना दिसलं. 1885 साली त्यांनी या जोडीला ‘मायकोरायझा’ नाव दिलं. मग 1899 मध्ये फ्रान्सच्या नोएल बर्नार यांना कळलं, की ऑर्किडचं धुळीसारखं बी बुरशी आत शिरल्याशिवाय रुजत नाही. बियांत शिदोरीच नसते ना!

तिआनमाही ऑर्किडच. 1911 साली जपानच्या शुन्सुके कुसानो यांनी तिचा अन्नदाता दाखवून दिला: आर्मिलारिया बुरशी. आता गंमत बघा. ही बुरशी झाडांची मुळं कुजवून त्यांना मारते. काळ्या दोऱ्यांसारखी पसरत ती या कंदातही घुसते, आणि कंद तिलाच पचवतो! ‘सहजीवन’ हा शब्द आपण जरा जास्तच गोडीगुलाबीने वापरतो, असं मला वाटतं.

1960च्या दशकात चीनमध्ये शू जिनतांग आणि इतरांनी हेच ज्ञान शेतात उतरवलं. आर्मिलारिया लागलेले लाकडाचे ओंडके पुरायचे, शेजारी कंद लावायचे. पीक आलं, पण कंदापासून कंद घेत गेलं की वाण खालावत जातो. म्हणजे बी हवंच. आणि बी रुजवायला आर्मिलारिया कामाची नाही! त्यासाठी मायसेना ही वेगळी बुरशी लागते, कुजक्या पानांवर वाढणारी. ती वाढवलेल्या पानांवर बी पेरतात, आणि रुजल्यावर रोपाला आर्मिलारिया वेळेत भेटावी लागते, नाहीतर ते उपाशी मरतं.

आपल्याकडची सालममिश्रीही ऑर्किडचाच कंद, बरं का. हिमालयातून ती अजूनही मुख्यतः जंगलातून खणूनच येते.