कुलाब्याचा बिस्मथ-पॅलॅडियम

कॉलेजात शिकवताना सममितीच्या तासाला मी कधी घाई केली नाही. स्फटिकातला प्रत्येक अणू मध्यबिंदूतून सरळ पलीकडे नेला आणि तिथे तसाच अणू सापडला, तर त्या स्फटिकाला व्युत्क्रम सममिती आहे. अतिवाहकात, म्हणजे रोधाशिवाय वीज वाहून नेणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीने वाहतात. ही सममिती असेल तर जोडी सिंगलेट तरी असते (दोघांचे स्पिन एकमेकांना रद्द करतात), नाहीतर ट्रिपलेट (स्पिन रद्द होत नाहीत). ती नसेल तर दोन्ही प्रकार मिसळू शकतात, असं गॉर्कोव्ह आणि रश्बा यांनी 2001 साली गणिताने दाखवलं. ट्रिपलेटचं पारडं जड झालं, तर पृष्ठभागावर टोपॉलॉजीने राखलेल्या अवस्था मिळायला हव्यात.

2004 मध्ये व्हिएन्नाच्या अर्न्स्ट बाउअर यांच्या गटाने सिरियम-प्लॅटिनम-सिलिकॉनचं, ही सममिती नसलेलं संयुग जाहीर केलं, ते 0.75 केल्व्हिनला अतिवाहक होतं. पण सिरियमचं चुंबकत्व मध्ये येई, त्यामुळे कोणता परिणाम कशाचा हे वेगळं काढणं अवघड.

म्हणून मला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम मोलाचं वाटतं. भानू जोशी, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन यांनी बिस्मथ-पॅलॅडियम निवडलं. त्यातही व्युत्क्रम सममिती नाही, पण चुंबकत्वाची कटकट नाही. ते अतिवाहक होतं हे सोव्हिएत शास्त्रज्ञांना 1950च्या दशकातच ठाऊक होतं; सममितीचा प्रश्न तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हता. खरी मेहनत स्फटिकाची. बिस्मथ 271 अंश सेल्सियसला वितळतं, पॅलॅडियमला 1,555 अंश लागतात. दोन्ही निर्वात क्वार्ट्झच्या नळीत बंद करून वितळवायचे आणि फार सावकाश निववायचे. त्यातही 210 अंशांच्या आसपास घन स्फटिकाची आतली मांडणीच बदलते, आणि तिथे जुळे स्फटिक तयार होण्याची धास्ती. 2011 मध्ये त्यांनी एकसंध स्फटिकावरची मोजमापं छापली: 3.8 केल्व्हिनला अतिवाहकता. पुढच्याच वर्षी प्रताप रायचौधुरी यांच्या गटाला त्याच संस्थेत, टोकदार धातू स्फटिकाला टेकवून केलेल्या मोजमापात, शून्य व्होल्टेजवर वाहकतेचं शिखर दिसलं. ट्रिपलेटची ती खूण असू शकत होती.

2015 मध्ये श्टुटगार्टच्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह टनेलिंग सूक्ष्मदर्शकाने हाच पदार्थ तपासला. पृष्ठभागावर डिराक नावाच्या विशेष अवस्था होत्या, पण अतिवाहकता घडते त्या ऊर्जेपासून फार दूर. जोड्यांचं वर्तन साध्या सिंगलेटसारखंच निघालं.

म्हणून कुलाब्याचं काम वाया गेलं असं मी मुळीच मानत नाही. सममिती नसणं पुरत नाही, ट्रिपलेटचा वाटा मोठा असावा लागतो, हे चुंबकत्व नसलेल्या स्वच्छ स्फटिकावरच एवढं स्पष्ट दिसू शकलं.