तार पोलादाची की नायलॉनची?

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने उधना सोडले की थोड्याच वेळात चलथाण लागते. ऊस आणि कापड या दोन धंद्यांवर जगणारा हा मुलूख. खानदेशातून पोटासाठी आलेली अनेक मराठी कुटुंबे या भागात स्थायिक झाली आहेत. अशा घरातील एखाद्या तरुणाने पगारातून शिल्लक टाकून गिटार आणली, की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: हिला तारा पोलादाच्या चढवाव्यात की नायलॉनच्या? नायलॉन बोटांना मऊ, पोलाद आवाजाला खणखणीत. तेव्हा हा केवळ आवडीचा प्रश्न, असे त्याला वाटते. इतिहास मात्र निराळे सांगतो.

गिटारची मूळ तार या दोहोंपैकी कशाचीच नव्हती. ती होती जनावराच्या आतड्याची, म्हणजे तात. आपल्या सारंगीच्या मुख्य तीन तारा तातीच्याच असतात. एकोणिसाव्या शतकात स्पेनमधील आंतोनिओ दे तोरेस या कारागिराने गिटारला आजचा घाट दिला, तो तातीचा ओढा ध्यानात धरूनच. तिचा तक्ता पातळ, आणि त्याला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या नाजूक पट्ट्यांचा आधार.

पुढे अमेरिकेत मोठ्या वाद्यमेळात गिटारचा आवाज बुडू लागला. १९२०च्या दशकात मार्टिनसारख्या कारखान्यांनी पोलादी तारांचा अंगीकार केला. पण त्यासाठी त्यांना वाद्याचा सांगाडा भक्कम करावा लागला. कारण नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ओढा सुमारे ४० किलो, तर पोलादी तारांचा ७० किलोंच्या आसपास असतो.

नायलॉन आले ते सर्वांत शेवटी. १९३५ साली ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत कॅरोदर्स यांनी ते सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धात चांगली तात मिळेनाशी झाली, तेव्हा न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या, आणि थोर वादक आंद्रेस सेगोविया यांनी त्या उचलून धरल्या. नायलॉनने जागा घेतली ती तातीची, पोलादाची नव्हे.

आपल्याकडेही हेच घडले आहे. रबाबाची तात काढून पोलादी तारा आल्या, तेव्हा लाकडी पट्टीच्या जागी धातूची पट्टी बसवावी लागली, आणि लांब मींड घेणारा सरोद जन्मास आला. तार बदलली, तसे वाद्यही बदलले. मिरजेचे तंबोरे करणारे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. जोडीच्या तारा पोलादाच्या आणि खर्जाची पितळेची, हे तिथे कोणाच्या लहरीवर ठरत नाही.

म्हणून आमच्या तरुणाने आधी गिटारची घोडी न्याहाळावी. तारा घोडीला गाठ मारून बांधलेल्या असतील, तर ते वाद्य बहुधा नायलॉनचे. तिथे पोलाद चढवले, तर तक्ता फुगेल, दांडी वाकेल, एखाद्या दिवशी घोडीच उखडून हाती येईल आणि कष्टाची कमाई वाया जाईल. घोडीत खुंट्या ठोकून तारा अडकवल्या असतील, तर वाद्य पोलादाचे. त्यावर नायलॉन लावल्यास मोडतोड होणार नाही, पण आवाज दबका निघेल.

निवड करायची ती दुकानात, वाद्य घेताना. एकदा वाद्य घरी आले, की कोणती तार हवी हे त्याच्या कारागिराने आधीच ठरवलेले असते.