नियम आधी, रुग्ण नंतर

आजचा विषय औषधाचा आहे, पण आपण तो इतिहासाच्या बाजूने बघणार आहोत. एडीएचडी म्हणजे लक्ष एका जागी न टिकणं, आतली अस्वस्थता, विचार करायच्या आधीच कृती होऊन जाणं. या त्रासावरची उत्तेजक औषधं मोठ्या माणसांपर्यंत कशी पोहोचली? आणि ती नीट चालू ठेवणं आजही इतकं जिकिरीचं का आहे?

सुरुवात 1937 पासून करू. अमेरिकेत ऱ्होड आयलंड राज्यात, ईस्ट प्रॉव्हिडन्स इथे, ब्रॅडली होम नावाचं मुलांचं रुग्णालय होतं. तिथले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली मुलांच्या मेंदूचे एक्स-रे काढत. त्या काळची पद्धत अघोरीच म्हणायची: मेंदूभोवतीचं पाणी पाठीच्या कण्यातून काढायचं, त्या जागी हवा भरायची आणि मग फोटो घ्यायचा. नंतर मुलांचं डोकं भयंकर दुखे. त्यावर उतारा म्हणून ब्रॅडलींनी बेन्झेड्रिन, म्हणजे अ‍ॅम्फेटामाइन, देऊन पाहिलं. डोकेदुखीला फारसा फरक पडला नाही, पण मुलं अभ्यासाला बसू लागली! मग त्यांनी 30 मुलांना आठवडाभर हे औषध दिलं. त्यातल्या 14 जणांचं शाळेतलं काम एकदम सुधारलं. मुलांनीच त्यांना गणिताच्या गोळ्या असं नाव ठेवलं.

दुसरं औषध स्वित्झर्लंडमधलं. 1944 मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीत लेआंद्रो पानित्झॉन या रसायनतज्ज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केलं. त्याची बायको मार्गरीट, लाडाचं नाव रीटा. ती टेनिस खेळायच्या आधी हे औषध घेई, म्हणतात. तिच्यावरूनच रिटालिन हे नाव पडलं. 1950 च्या दशकाच्या मध्यावर ते बाजारात आलं.

आता इथे जरा थांबू या. मोठी माणसं ही औषधं तेव्हा घेत नव्हती का? घेत होती की! जागं राहायला, वजन उतरवायला, मरगळ घालवायला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांनाही ती दिली गेली. जपानमध्ये युद्धानंतर मेथाम्फेटामाइनचं व्यसन इतकं पसरलं की 1951 मध्ये त्यासाठी खास कायदा करावा लागला. पुढे जगानेच लगाम आवळला. 1970 मध्ये अमेरिकेचा नियंत्रित औषधांचा कायदा आला, 1971 मध्ये संयुक्त राष्ट्रांचा करार झाला, आणि अ‍ॅम्फेटामाइन आणि मिथाइलफेनिडेट दोन्ही कडक यादीत गेली. हे नियम उगाच आले नव्हते, हे आपण मान्य करायला हवं.

पण ज्या मोठ्या माणसांना ही औषधं आजारासाठी लागणार होती, ती या चर्चेत कुठे होती? कुठेच नव्हती. कारण मोठेपणी हा आजार असतो हेच कुणी मानत नव्हतं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 1968 च्या आजार-सूचीत याचं नावच बालपणातली अतिचंचलता या अर्थाचं होतं, आणि वयात येताना ती बहुधा ओसरते असं धरलेलं होतं.

हे समजुतीचं कुलूप उघडलं 1976 मध्ये. यूटा विद्यापीठात पॉल वेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच लक्षणं असलेली 15 प्रौढ माणसं तपासली. त्यातल्या 11 जणांना काही दिवस मिथाइलफेनिडेट आणि काही दिवस नुसतीच दिसायला तशी गोळी दिली. कधी कोणती, हे डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं आणि रुग्णांनाही. 11 पैकी 8 जणांना खऱ्या गोळीने स्पष्ट फरक पडला. 1980 च्या सूचीत मोठेपणी उरलेल्या आजाराला जागा मिळाली. तरी अ‍ॅडरॉल एक्सआर या उत्तेजक औषधाला प्रौढांसाठी अमेरिकेत मान्यता मिळायला 2004 साल उजाडलं.

सालं पुन्हा एकदा बघा. नियम 1971 चे, प्रौढ रुग्णाची ओळख 1976 ची. म्हणजे कुलपं आधी लागली, आणि ज्याला दार लागणार तो नंतर आला. आजची सगळी ओढाताण या पाच वर्षांच्या फरकातून समजते.

आता ही ओढाताण रोजच्या जगण्यात कशी दिसते? साध्या मिथाइलफेनिडेटचा असर तीन-चार तास टिकतो. म्हणजे सकाळची गोळी, दुपारची गोळी, आणि उशिरा घेतली तर रात्रीची झोप गेलीच. ज्याला दुपारची गोळी आठवत नाही, त्यालाच ती आठवायची! 2000 मध्ये कॉन्सर्टा आली. ती गोळी पोटात पाणी शोषून औषध हळूहळू बाहेर ढकलते, दिवसभर पुरते, आणि हा प्रश्न बराच हलका झाला. शिवाय मात्रा थोडीथोडी वाढवायची, रक्तदाब, नाडी, भूक, वजन बघत राहायचं. हे डॉक्टरांशी बोलूनच करायचं. आपल्या मनाने वाढवायचं नाही, दुसऱ्याला द्यायचं तर नाहीच.

त्यातून कागद. अमेरिकेत या वर्गातल्या औषधाची चिठ्ठी एकदा वापरली की संपली, पुढच्या वेळी नवी हवी. आपल्याकडे मिथाइलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये आहे आणि 1985 च्या एनडीपीएस कायद्याखालीही येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदार दोन वर्षं जपून ठेवतो, आणि विकायला वेगळा परवाना लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या प्रत्येक केमिस्टकडे ते मिळत नाही. अमेरिकेत अ‍ॅडरॉल चालू असलेली आपली मुलं-मुली इकडे परतली की तीच गोळी इथे मिळत नाही. डॉक्टरांना नव्याने सगळं बसवावं लागतं. आणि 2022 च्या ऑक्टोबरमध्ये तर अमेरिकेतच अ‍ॅडरॉलचा तुटवडा जाहीर झाला.

तारीख लक्षात ठेवणं, कागद सांभाळणं, चार दुकानं फिरणं, संपायच्या आधी आठवण होणं. या आजारात नेमकी हीच कामं अवघड जातात. म्हणून एखाद्याच्या हातून चिठ्ठी हुकली, गोळ्या मध्येच संपल्या, तर आपण लगेच म्हणतो की याला स्वतःच्या तब्येतीचीच पर्वा नाही. तसं म्हणण्याआधी ही सालं आठवू या. नियम काढून टाका असं आम्ही म्हणत नाही. पण ते लिहिले गेले तेव्हा हा माणूस खोलीत नव्हता. आता तो आहे. निदान घरात एकाने कॅलेंडरवर त्याची पुढची तारीख लिहून ठेवायला कुठल्या कायद्याची आडकाठी नाही.