साठ श्वास आणि सहा मणी

नवजात बाळ आजारी आहे हे ओळखणे अवघड का असते? मोठ्या मुलाला न्यूमोनिया झाला की ताप येतो, खोकला येतो. महिन्याच्या आतल्या बाळात पुष्कळदा यांपैकी काहीच दिसत नाही. ते अंगावर नीट पीत नाही, रडणे क्षीण होते, अंग सैल व गार पडते.

एक खूण मात्र मोजता येते. फुप्फुसांत संसर्ग झाला की ती ताठर होतात. एका श्वासात कमी हवा शिरते, म्हणून बाळ भराभर श्वास घेते. हा वेग मोजून स्टेथोस्कोपशिवायही मुलांचा न्यूमोनिया ओळखता येतो, असे फ्रँक शान व सहकाऱ्यांनी १९८४ साली पापुआ न्यू गिनीतील अभ्यासातून दाखवले. पुढे दोन महिन्यांखालील बाळासाठी मिनिटाला ६० श्वास ही धोक्याची मर्यादा ठरली.

गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांना ही खूण गावोगावच्या दायांना शिकवायची होती. पण अनेक दायांना साठपर्यंत मोजता येत नव्हते. मग त्यांनी एक साधन बनवले. त्यात एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी होते. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी सहावा मणी सरकला, तर श्वास साठवर पोचले. दाईला दहापर्यंत मोजता आले की पुरे! या साधनाविषयीचा त्यांचा लेख १९९२ साली प्रसिद्ध झाला.

१९९३ साली त्यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत नवजात बालकांवर काम सुरू केले. थोड्याफार शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करत, ऊब व स्तनपान पाहत, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देत. १९९३–९५ मध्ये तिथे हजार जन्मांमागे सुमारे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७–९८ मध्ये ही संख्या २६ वर आली. तुलनेसाठी निवडलेल्या ४७ गावांत ती ६० च्या आसपासच राहिली.

२०११ साली घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणे हा देशभर आशा कार्यकर्तींच्या कामाचा भाग झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी बाळंतिणीच्या घरी जाणारी आशाही बाळाचे उघडे पोट पाहत पूर्ण मिनिटभर श्वास मोजते. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो, म्हणून संख्या ६० किंवा जास्त आली तर पुन्हा मोजायचे असते.

वर्गात मुलांना स्वतःचे श्वास मिनिटभर मोजायला सांगा. दहा-दहाचे गट करणे, म्हणजे पहिलीतले गणित, कुणाचा जीव कसे वाचवू शकते, हे त्यांना लगेच उमगेल.